‘बघत राहा, कळेल’ म्हणणारे मामा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी एका सहकारी साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, त्यानंतर शुगर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा. वय 28, हा माझा तिसरा हंगाम. आमच्या पॅनस्टेशनवर, म्हणजे मोठ्या बंद भांड्यांत (पॅनमध्ये) उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात तिथे, एक ज्येष्ठ पॅनमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या पाळीतली साखर म्हणजे एकसारखा, टपोरा दाणा. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार. चीफ केमिस्टनी मला सांगितलंय, मामांकडून सगळं लिहून घे आणि एसओपी (कामाची लेखी पद्धत) बनव. गेल्या हंगामात मी वही घेऊन त्यांच्या मागे होतो. काहीही विचारलं की एकच उत्तर, ‘साहेब, बघत राहा, कळेल.’ त्यांचा भाचा त्याच पाळीत हेल्पर आहे, त्याला मात्र हाताला धरून शिकवतात. दुसऱ्या पाळीच्या पॅनमनशी त्यांचं बोलणं नाही. लॉगबुकात तिन्ही पाळ्यांचे आकडे सारखेच, खरं कुणी लिहीत नाही. शेवटी वैतागून फेब्रुवारीत चीफ केमिस्टच्या सहीने त्यांना मेमो दिला, ‘माहिती देण्यास टाळाटाळ’ म्हणून. तेव्हापासून ‘नमस्कार साहेब’ याच्या पुढे बोलणं जात नाही. आता बॉयलर पेटलाय, गाळप सुरू होईल. एमडींकडे तक्रार करू, की मामा जाण्याची वाट बघू? आणि एसओपी झालीच तर तिच्यावर नाव कुणाचं घालायचं? चीफ केमिस्ट म्हणतात, खात्याचं घाल.
– एक केमिस्ट, कोल्हापूर जिल्हा

उत्तर:

तक्रार अजिबात करू नका. एमडींच्या केबिनमधून खाली पॅनवर जे काही येईल तो दुसरा मेमोच असेल, आणि पहिल्याने काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मामा जाण्याची वाटही बघू नका. तुमच्या हातात एक अख्खा हंगाम आहे, आणि गाळप संपल्यापासून मेपर्यंतचे निवांत आठवडेही. एवढ्या वेळात पुष्कळ होण्यासारखं आहे.

पण आधी तुमच्या पत्रातली एक समजूत मला तपासून बघायचीय. मामांना सगळं सांगता येतं आणि ते मुद्दाम सांगत नाहीत, असं तुम्ही धरून चाललाय. ‘बघत राहा, कळेल’ ही तुम्हाला टोलवाटोलवी वाटली. मीही पॅन फ्लोअरच्या उकाड्यात उमेदीची वर्षं काढलीत, आणि मला ते बऱ्याच अंशी खरं उत्तर वाटतं.

मामा नेमकं काय करतात ते आठवा. पॅनमध्ये सिरप (घट्ट केलेला रस) घेतलंय, व्हॅक्यूम 25-26 इंचांवर आहे, म्हणून ते 60-65 अंशांनाच उकळतंय. आटत आटत ते अशा टप्प्यावर येतं की स्लरी (बीज म्हणून अगदी बारीक साखर) सोडली की दाणा धरतो. तुम्ही हे डिप्लोमाला आलेखावर शिकलात. अतिसंपृक्ततेच्या (एरवी विरघळू शकते त्याहून जास्त साखर असण्याच्या) पहिल्या पट्ट्यात असलेले दाणे वाढतात, नवे जन्मत नाहीत. त्याच्या वर गेलं की जुन्या दाण्यांच्या मध्ये नवे बारीक दाणे पडायला लागतात. आणखी वर गेलं की स्लरीचीही गरज उरत नाही, सगळीकडे आपोआप दाणा पडतो. मामांनी हा आलेख बहुधा पाहिलेला नाही. ते प्रूफ स्टिक (पॅनमधून नमुना काढायची दांडी) ओढतात, काचेच्या पट्टीवर थेंब घेतात, बोटाने पसरतात आणि पट्टी दिव्यासमोर धरतात. दाण्यांच्या मधली जागा स्वच्छ आहे की तिथे धुरकटपणा आलाय, एवढंच बघतात. मग अंगठा आणि बोटामध्ये तार ओढून बघतात. एकदा पॅनच्या काचेतून नजर टाकतात, आत मॅसिक्वीट (दाणा आणि पाकाचं दाट मिश्रण) किती जडपणाने उसळतंय आणि काचेवरून कसं ओघळतंय ते बघायला. आणि हात पाण्याच्या व्हॉल्व्हवर जातो.

तो धुरकटपणा म्हणजे खोटा दाणा. आणखी थोडा वेळ तसाच गेला असता तर तो बारीक दाणा खाली सेंट्रिफ्युगलच्या (गरगर फिरवून दाणा पाकातून वेगळा करणाऱ्या यंत्राच्या) जाळीत बसला असता, मशीनवाल्याला धुवायला जास्त पाणी मारावं लागलं असतं, आणि जाळीवरची चांगली साखर विरघळून मोलॅसिसच्या (मळीच्या) वाटेला लागली असती. मामांनी ती वाचवली. आता त्यांना विचारा, ‘पाणी का मारलं?’ ते म्हणणार, ‘मारायला लागत होतं.’ यात लपवाछपवी कुठेच नाही. डोळ्याने, बोटाने आणि कानाने मिळून झालेला निर्णय आहे तो. त्याचं वाक्य करायची वेळ त्यांच्यावर आजवर कधी आलेलीच नाही.

असाच एक प्रसंग जपानमध्ये घडलेला आहे. 1985 च्या सुमाराला ओसाकातली मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवण्याचं यंत्र तयार करत होती. पाव काही केल्या जमेना. वरून करपायचा, आत कच्चा राहायचा. इंजिनिअरांनी यंत्रातल्या कणकेचे आणि नावाजलेल्या बेकरने मळलेल्या कणकेचे एक्स-रेसुद्धा काढून शेजारी ठेवून पाहिले. त्यातून काही हाती लागलं नाही. मग त्यांच्यातल्या इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाईंनी सुचवलं की शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात उत्तम पाव मिळतो, तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकू या. त्या शिकायला गेल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो बेकर कणीक मळताना ताणतो आणि ताणताना तिला पीळ देतो. बेकरने हे कुणापासून लपवलं नव्हतं. त्याला ते सांगण्याजोगं काही आहे हेच ठाऊक नसावं. पुढे इंजिनिअरांबरोबर वर्षभर खटपट करून यंत्रात आतल्या बाजूला खास कंगोरे बसवले, आणि 1987 मध्ये ते यंत्र बाजारात आलं. तानाकाबाई बेकरकडे प्रश्नावली घेऊन गेल्या असत्या तर त्यांनाही ‘बघत राहा’ असंच ऐकायला मिळालं असतं.

म्हणजे अर्धा मामला मामांच्या मनाचा नाहीच. गॅब्रिएल झुलान्स्की या अभ्यासकाने 1996 मध्ये आठ कंपन्यांमधली अशी 122 उदाहरणं तपासली, जिथे एका विभागातली चांगली पद्धत दुसरीकडे न्यायची होती. व्यवस्थापनाचा नेहमीचा समज असा की लोक हातचं राखतात म्हणून अडतं. मोठे अडथळे निघाले ते वेगळेच. घेणाऱ्याची पुरेशी तयारी नसणं, ती पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही स्पष्ट नसणं, आणि दोघांमधलं नातं अवघडलेलं असणं. हे तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. पहिल्याचा राग मानू नका. मामांनी उद्या सगळं भडाभडा सांगितलं, तरी स्वतः पॅन न चालवलेल्या माणसाला त्यातलं किती उचलता येईल याचा विचार करा.

तिसऱ्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तो एकट्याने तुम्ही सोडवू शकता.

तुम्ही अधिकारी आहात. वय 28 असलं आणि स्वभाव साधा असला तरी हजेरीपत्रकावर सही तुमची असते. साहेब वही घेऊन शेजारी उभा राहिला आणि ‘हे असं का केलं?’ म्हणाला, तर कामगाराच्या कानाला ती चौकशी वाटते. पॅन बिघडल्यावर हाच प्रश्न त्याला मेमोत विचारला जातो, आणि ‘का केलं’ची उत्तरं पुढे त्याच्याच अंगावर येतात हे त्याने अनेक वेळा बघितलेलं असतं. तुम्ही नेमका मेमोच दिलात. त्या मेमोने मामांचा जुना अंदाज खरा ठरला. ती चूक तुमची होती, हे मला स्पष्ट लिहायला हवं. माहिती मागायचा अधिकार तुम्हाला आहे, यात शंका नाही. पण अधिकाराने प्रूफ स्टिक ओढून घेता येते, पट्टीवर जे दिसतं ते ओढून घेता येत नाही.

तेव्हा पहिलं काम मेमोचं. चीफ केमिस्टना सांगून तो मागे घ्यायला लावा, आणि मागे घेतल्याची नोंद त्यांच्या सर्व्हिस फाइलमध्ये करून घ्या. निवृत्तीला काही महिने राहिलेल्या माणसाच्या फाइलवर तो कागद राहणं त्यांना किती लागलं असेल. मग मामांकडे जा. ऑफिसात बोलावू नका, पाळी सुटताना कॅन्टीनच्या वाटेवर गाठा. ‘मामा, तो कागद मी द्यायला नको होता. मागे घेतलाय.’ एवढं म्हणा आणि थांबा. त्याच वाक्यात ‘आता तरी सांगा’ असं जोडू नका.

यातून लॉगबुकाचं कोडंही उलगडतं. तिन्ही पाळ्यांचे आकडे सारखे, कारण खरा आकडा लिहिला तर जाब विचारला जातो. एमी एडमन्सन या अभ्यासक बाईंनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या वॉर्डात चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटंच. जिथे परिचारिकांचं आपसात आणि प्रमुखाशी चांगलं जमत होतं, तिथे चुकांची नोंद जास्त होती. तिथे चूक बोलून दाखवता येत होती. इतर ठिकाणी ती झाकली जात होती. तुमच्या लॉगबुकातले एकसारखे आकडे हा तसलाच झाकलेपणा आहे. ‘आकडे खरे लिहा’ असं परिपत्रक काढून काही होणार नाही. पण बिघडलेला पॅन जो खरा लिहील त्याला तुम्ही पहिल्यांदा काय म्हणता, हे पॅन फ्लोअरवर सगळ्यांच्या लक्षात राहतं. तुमच्या पाळीत पहिला खरा आकडा येईल त्या दिवशी, ‘बरं झालं लिहिलंत, खाली मशीनवाल्याला आधीच सांगतो’ एवढंच म्हणा. आणि खरोखर सांगा.

आता भाचा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडा कडवटपणा आहे, आणि तो मला समजतो. पण मामा त्याला का शिकवू शकतात ते बघा. तो रोज शेजारी उभा असतो. त्याच्यासमोर मामांना साहेबी मराठीत बोलावं लागत नाही. त्याने मूर्ख प्रश्न विचारला तर पाठीत एक धपाटा बसतो आणि विषय संपतो, कागद होत नाही. त्याचा हात चुकला तर मामा तो धरून फिरवतात, तुमचा धरता येत नाही. आणि तो शिकला तर ते ज्ञान घरातच राहणार आहे. या सगळ्या गोष्टी एकाच नात्यातून येतात. जे नातं भाच्याला शिकवतं तेच नातं दुसऱ्या पाळीच्या पॅनमनला, तुम्हाला आणि कारखान्याला बाहेर ठेवतं. यात मामा कंजूष ठरत नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला माणूस देतो, आणि गावाकडच्या कारखान्यात विश्वासाचं जाळं बहुतेक भावकीच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या वाटेने जातं.

त्याची दुसरी बाजूही आहे. घरच्या माणसाकडून शिकलेल्याला घरच्या माणसाची चूक दाखवता येत नाही. मामा एखादी गोष्ट सवयीने करत असतील, तिचा उपयोग जुन्या पॅनपुरता असेल, तर भाचा तीही जशीच्या तशी उचलणार आणि पुढची तीस वर्षं करणार. मामांना ‘हे असं कशाला?’ विचारणारा कुणी बाहेरचा हवाच. तो तुम्ही होऊ शकता, पण आधी आत येऊन.

भाच्याशी दोस्ती करा. तुमच्या वयाच्या जवळपास असेल. त्याला गेल्या वर्षी काय येत नव्हतं हे त्याला अजून आठवतंय, मामांना ते आठवणं आता शक्य नाही. पट्टीवर बघताना आधी काय चुकायचं आणि कधी कळायला लागलं, हे तो तुम्हाला बोलून सांगू शकेल. मात्र त्याला मामांच्या मागे खबऱ्या करू नका. जे विचाराल ते मामांच्या देखत विचारा.

दुसऱ्या पाळीच्या पॅनमनशी मामांचं बोलणं का तुटलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बऱ्याच कारखान्यांत त्याचं मूळ एका फळ्यावर असतं. पाळीवार साखर किती निघाली, मोलॅसिसची प्युरिटी (त्यातला साखरेचा अंश) किती, हे आकडे लॅबच्या बाहेर लागतात, आणि ज्याचा आकडा खाली त्याला सकाळी ऐकून घ्यावं लागतं. पण पॅन काही पाळीच्या घड्याळावर चालत नाही. पहाटे चारला पाळी बदलली तेव्हा अर्धा पॅन मामांचा होता, अर्धा पुढच्याचा. खोटा दाणा कुणाच्या हातून पडला? फळ्यावर तो पुढच्याच्या नावावर जातो. मग ‘पॅन जड झालाय, जरा सांभाळ’ हे वाक्य जाता जाता बोललं जात नाही, कारण ते बोलणं म्हणजे आपली चूक कबूल करणं. सी पॅनच्या, म्हणजे शेवटच्या फेरीच्या पॅनच्या बाबतीत हे फार महागात पडतं. तिथून जे सुटतं ते थेट शेवटच्या मोलॅसिसात जातं, पुन्हा परत येत नाही.

तो फळा तुम्ही काढू शकणार नाही, पण पॅनच्या पातळीवर एक गोष्ट करता येईल. पाळी बदलताना दोन्ही पॅनमन पंधरा-वीस मिनिटं एकत्र राहतील अशी व्यवस्था चीफ केमिस्टकडून मंजूर करून घ्या, आणि त्या वेळी तुम्ही तिथे चहाची किटली घेऊन हजर राहा. अजेंडा ठेवू नका. दोघांमध्ये पॅनची पट्टी ठेवा आणि ‘हा आता कुठवर आलाय?’ एवढंच विचारा. आधी दोघं तुमच्याशी बोलतील, एकमेकांशी नाही. काही दिवस तसं चालू द्या.

आता या सगळ्यातला मुख्य भाग. तुम्ही मामांकडे गेलात तेव्हा हातात काय होतं? कोरी वही. मागणारी वही. तुमच्याकडे मामांना हवं असलेलं पुष्कळ काही आहे, आणि ते तुम्ही त्यांना आजवर दिलेलं दिसत नाही.

मामांना सिरप कसलं आलंय हे पॅनमध्ये घेतल्यावर कळतं. तुम्हाला ते बरंच आधी कळू शकतं. यार्डात जळीत ऊस किती आहे, ट्रॅक्टर कधीपासून उभे आहेत, मधे मिल बंद पडली तेव्हा किती ऊस शिळा झाला, हे शेती खात्याच्या चिटबॉयला आणि केन यार्डच्या माणसाला माहीत असतं. लॅबमध्ये रसाची प्युरिटी घसरलेली दिसते. शिळ्या उसात डेक्स्ट्रान (जंतूंमुळे तयार होणारा चिकट पदार्थ) वाढलं की सिरप चिकट होतं, दाणा लांबट वाढतो आणि पॅनला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. मामांनी ते पट्टीवर शेकडो वेळा पाहिलंय, पण आधी कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा वही घरी ठेवा आणि पॅनवर फोन करा: ‘मामा, यार्डात जळका ऊस लागलाय, दुपारपर्यंत तुमच्याकडे येईल.’ पाळीत एकदा तरी असा फोन करा. बदल्यात काही मागू नका. मामांना ज्या दिवशी वाटेल की तुमच्या फोनमुळे आपला एक पॅन वाचला, त्या दिवशी ते स्वतः विचारतील, ‘साहेब, आज सिरप कसलं हाय?’ तिथून तुमचं खरं बोलणं सुरू होईल, आणि ते दोन्हीकडून असेल.

दुसरी देण्याची गोष्ट लॅबमधला मायक्रोस्कोप. मामांच्या पट्टीवरचा नमुना घेऊन त्यांनाच लॅबमध्ये बोलवा आणि मायक्रोस्कोपखाली दाखवा. त्यांना जो धुरकटपणा दिसतो तो तिथे वेगवेगळ्या बारीक दाण्यांत दिसेल. जोडदाणे दिसतील, लांबट दाणा दिसेल. ज्या माणसाने आयुष्यभर दिव्यासमोर पट्टी धरली, त्याला आपण काय बघत होतो हे इतक्या जवळून बघताना काय वाटेल याची कल्पना करा. त्या वेळी ते बोलतील. ‘हा बघा, हा पाणी उशिरा मारलं म्हणून.’ हे वाक्य तुम्ही लिहून घ्या, पण ते गेल्यावर.

प्रश्न कधी विचारायचा यालाही महत्त्व आहे. दाणा धरण्याच्या वेळी तोंड बंद ठेवा. पॅन सोडल्यावर, मॅसिक्वीट खाली क्रिस्टलायझरमध्ये (थंड करायच्या टाकीत) जात असताना विचारा. आणि चांगल्या पॅनबद्दल विचारू नका. चांगल्या पॅनबद्दल कुणालाच सांगता येत नाही, तो नुसता ‘चांगला झाला’ असतो. दोन पट्ट्या शेजारी ठेवा, एक आजची आणि एक कालची, आणि विचारा, ‘मामा, यातली तुम्हाला कुठली आवडत नाही?’ नावडतं सांगताना माणूस बारकाव्यात शिरतो. शिवाय एखादा कमी जोखमीचा पॅन मामांच्या नजरेखाली स्वतः चालवायची परवानगी मागा. चीफ केमिस्टना आवडणार नाही कदाचित, पण त्यांना सांगा की याशिवाय एसओपी होणार नाही. तुमच्या हातून तो बिघडेल. तेव्हा मामा तुमच्या हातावरून व्हॉल्व्ह धरतील, आणि साहेब हे अंतर त्या क्षणी बरंचसं गळून पडेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला विचारावीशी वाटते. तुमच्या कारखान्यातून आधी निवृत्त झालेल्या पॅनमनचे पैसे मिळाले का? ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, रजेचे पैसे? ग्रॅच्युइटीची रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची, असं कायद्यात स्पष्ट आहे. तरी अनेक कारखान्यांच्या गेटवर निवृत्त माणसं महिनोन् महिने चकरा मारताना दिसतात. मामांनी त्यातले कुणी पाहिले असतील, तर हातातलं सगळं देऊन मोकळं झालेल्या माणसाला गेटवर कोण ओळखतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग आपल्यावाचून कारखान्याचं अडतं, एवढाच त्यांचा आधार उरतो. त्यांनी तो सोडावा असं तुम्ही सांगताय. म्हणून एमडींकडे जाच, पण तक्रार घेऊन नाही. मामांचा हिशेब वेळेत व्हावा, आणि पुढच्या हंगामात त्यांना पॅनवर शिकवण्यासाठी मानधनावर बोलवावं, असा प्रस्ताव चीफ केमिस्टना सोबत घेऊन द्या. निवृत्त पॅनमनला हंगामापुरतं बोलावणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मंजूर झाला तर मामांना तुमच्या आधी एमडींनी सांगू दे.

तुम्ही म्हणाल, आता तर पॅनवर ऑटोमेशन येतंय, ब्रिक्सचे (रसाचा घट्टपणा मोजणारे) प्रोब बसतायत, कंटिन्युअस (न थांबता चालणारे) पॅन आलेत, मग एवढा आटापिटा कशाला? प्रोब कितीवर लावायचा हे कुणीतरी ठरवतं. जळक्या उसाच्या दिवशी तो कितीवर आणायचा हेही कुणीतरी ठरवतं. ते ठरवायला उद्या तुम्हाला बसवतील, आणि त्या दिवशी मामांची पट्टी डोळ्यांसमोर असली तर तुमचा आकडा वेगळा येईल.

सगळं मिळेल असं मी म्हणत नाही. मामांच्या हातात जे आहे त्यातलं काही त्यांच्याबरोबरच जाईल, काही भाच्याकडे राहील. एसओपीत बसेल तेवढंच हवं असेल तर ते तुम्ही आत्ताही पुस्तकातून उतरवू शकता. लिहिण्याचं काम एप्रिलवर ठेवा. गाळप बंद झाल्यावर, पॅन उघडून कॅलेंड्रियाच्या (वाफेने तापवणाऱ्या भागाच्या) नळ्या साफ होत असताना, मामांना घेऊन आत उतरा. कुठल्या कोपऱ्यात मॅसिक्वीट फिरत नाही, कुठली नळी नेहमी आधी चोंदते, हे उघड्या पॅनमध्ये बोट दाखवून सांगणं सोपं जातं. हंगामात तुम्ही टिपून ठेवलेली वाक्यं तेव्हा त्यांना वाचून दाखवा. चुकीची असतील ती ते खोडतील, आणि खोडताना नवीन सांगतील.

राहिला नावाचा प्रश्न. खात्याचं नाव घालू नका. झेरॉक्स कंपनीने 1990 च्या दशकात आपल्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या युक्त्या एका ठिकाणी साठवायला सुरुवात केली. ती युक्ती आधी दुसरे अनुभवी कामगार तपासायचे, आणि मान्य झाली की ज्याने सुचवली त्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची. युक्तीमागे पैसे द्यावेत असंही सुचवलं गेलं होतं, पण त्या कामगारांना नाव जास्त हवं होतं. चीफ केमिस्टना हे सांगा. कागदावर वर मामांचं पूर्ण नाव घाला, त्याखाली दुसऱ्या पाळीच्या पॅनमनने जे तपासून मान्य केलं असेल त्यापुढे त्याचं, आणि शेवटी ‘लिहिणार’ म्हणून तुमचं. पहिली प्रत मामांना घरी नेऊन द्या. त्यांनी कुठे ‘असं नसतंय’ म्हटलं तर पेन सोबत असू द्या. दुसरी प्रत भाच्याला. तिसरी पॅन फ्लोअरवर, लॅबमध्ये कुलपात नको.